टंचाईचे धनी

जून २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्रात एक लेख लिहिला. सुदानच्या पश्चिम टोकाला असलेल्या दारफुर प्रांतात माणसं मारली जाऊ लागली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. गावंच्या गावं जाळली गेली होती आणि लाखो लोक छावण्यांत येऊन पडले होते. बान यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की ‘अरब टोळ्या विरुद्ध काळे शेतकरी’ हे सोयीचं वर्णन बाजूला ठेवून मुळाशी गेलं, तर तिथे आटलेला पाऊस सापडतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याच महिन्यात सुदानवरचा एक जाडजूड अहवाल काढला आणि या म्हणण्याला आकड्यांचा आधार दिला. १९४६ ते १९५५ या दहा वर्षांची सरासरी १९९६ ते २००५ च्या सरासरीशी ताडून पाहिली, तर अल फाशेर या शहरातला पाऊस ३४ टक्क्यांनी घटला होता. तिथे वर्षाला सुमारे २७० मिलिमीटर पडायचा, तो १८० च्या आत आला. अल जनैनामध्ये घट २४ टक्के होती आणि न्यालामध्ये १६ टक्के. तेव्हापासून ‘हवामानबदलाचं पहिलं युद्ध’ ही चिठ्ठी दारफुरला चिकटली ती चिकटलीच. परिषदांमधून, पाठ्यपुस्तकांतून, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून ती आजही फिरते आहे.

चिठ्ठी पूर्ण खोटी असती तर फाडून टाकता आली असती. अडचण अशी, की ती अर्धी खरी आहे. दारफुरमध्ये पाणी, चारा आणि जमीन यांची टंचाई होती, आणि ती वाढत गेली, यात शंका नाही. लढाई वांशिक नावांनी लढली गेली, हेही डोळ्यांना दिसतंय. पण टंचाई आणि वंश ही दोन कारणं शेजारी मांडून अधिकचं चिन्ह काढलं, की उत्तर युद्ध येतं, हा हिशेब चुकीचा आहे. दारफुरमध्ये टंचाई शेकडो वर्षं होती आणि वेगवेगळ्या जमातीही तितकीच वर्षं होत्या. विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत तिथे खऱ्या अर्थाने आटली ती टंचाई वाटून घेण्याची व्यवस्था. ती मोडली कोणी आणि मोडल्यावर कोणाचं साधलं, हे विचारल्याशिवाय पावसाचे आकडे काही सांगत नाहीत.

आधी मुलूख पाहू. दारफुर म्हणजे फुर लोकांचा देश. आकाराने जवळजवळ फ्रान्सएवढा. उत्तरेला वाळवंट, दक्षिणेला झाडोऱ्याचा माळ आणि मधोमध तीन हजार मीटरहून उंच असा जबल मर्रा हा जुना ज्वालामुखी. त्याच्या उतारांवर पाऊस बरा पडतो, ओढे वाहतात, फळबागा होतात. फुर शेतकऱ्यांचं हे माहेरघर. पश्चिमेला चाडच्या सीमेलगत मसालित शेतकरी, तर उत्तरेला झगावा, जे थोडी शेती आणि बरंचसं पशुपालन करत. याशिवाय अरब म्हणवणाऱ्या जमाती: दक्षिणेला गाईगुरं पाळणारे बग्गारा आणि उत्तरेला उंट पाळणारे अब्बाला. हे सगळे मुसलमान आहेत, तेही सुन्नी. शतकानुशतकं आपसांत लग्नं झाल्यामुळे चेहऱ्यावरून कोण अरब आणि कोण फुर हे परक्याला सहसा सांगता येत नाही. मुख्य पीक बाजरी. वाळूमिश्रित हलक्या जमिनीत, जूनच्या पहिल्या पावसावर पेरायची आणि पुढचं आभाळावर सोडायचं. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या शेतकऱ्याला यात नवीन काहीच वाटू नये.

उंटवाले आणि शेतकरी यांच्यातला व्यवहार ठरलेला होता. पावसाळ्यात अब्बाला कळप घेऊन उत्तरेला वाळवंटाच्या कडेवरच्या कोवळ्या चाऱ्याकडे जात. पाऊस संपला की दक्षिणेला सरकत. ज्या वाटांनी जायचं त्यांना ‘मुरहाल’ म्हणत. त्या रुंद असत आणि त्यांच्यात कोणी नांगर घालत नसे. बाजरीची कणसं खुडून झाली की एक दिवस जाहीर होई, त्याला ‘तलैग’ म्हणत. त्या दिवसापासून शेतातली ताटं आणि धसकटं जनावरांना मोकळी. शेतकऱ्याला शेणखत मिळे, वर दूध-तूप आणि धान्य वाहून न्यायला उंट, मेंढपाळाला चारा. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवून घेऊन शेतकरी त्यांना धान्य देतो, तसलाच हा सौदा. तलैगच्या आधी कळप पिकात घुसला तर भांडण होई, डोकी फुटत, कधी खूनही पडे. मग दोन्हींकडची जाणती माणसं बसत, ‘जुदिय्या’ भरे, नुकसानभरपाई आणि खुनाबद्दलची ‘दिया’ ठरे. ती रक्कम एकट्या गुन्हेगाराने नव्हे, तर त्याच्या सगळ्या भावकीने भरायची, त्यामुळे आपल्यातल्या आडदांड पोरांना आवरण्यात भावकीचंच हित असे. सुलतानांच्या काळात दिलेल्या जमिनींना ‘हाकूरा’ म्हणत. त्या कसणाऱ्यांकडून ठरलेला वाटा घेऊन परक्यालाही राहू देण्याची रीत होती.

जमातींच्या भिंतीही वाटतात तितक्या पक्क्या नव्हत्या. गुन्नार हालांड या नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात जबल मर्राच्या पायथ्याशी काम केलं आणि एक गमतीची गोष्ट नोंदवली. एखाद्या फुर शेतकऱ्याकडे चार पैसे साठले की तो गाई घेई. गाई वाढल्या की त्यांना चाऱ्यासाठी हिंडवावं लागे. हिंडता हिंडता तो बग्गारांच्या तळावर राहू लागे, त्यांची भाषा बोलू लागे, आणि त्याची मुलं बग्गारा म्हणूनच ओळखली जात. थोडक्यात, जात ही बऱ्याच अंशी धंद्याची गोष्ट होती आणि धंदा बदलला की तीही बदलू शके. ‘हजारो वर्षांचं वैर’ असं जे अधूनमधून सांगितलं जातं, त्याला हालांड यांचं हे एक निरीक्षण पुरेसं उत्तर आहे. ज्या वैऱ्याच्या घरात आपला चुलतभाऊ राहायला जातो, ते वैर सनातन कसलं?

या घडीत एक खोट मात्र आधीपासून होती, आणि पुढच्या गोष्टीत तीच निर्णायक ठरली. १९१६ मध्ये शेवटचा सुलतान अली दिनार याला मारून इंग्रजांनी दारफुर सुदानला जोडलं. तिथले साहेबही कमी माणसांत कारभार करू पाहत होते. त्यांनी जमातींच्या प्रमुखांना अधिकार दिले आणि जमातीगणिक मुलूख आखून टाकले. दक्षिणेच्या गाईवाल्या रिझेगात अरबांना मोठा मुलूख मिळाला. उत्तरेचे रिझेगात, म्हणजे उंटवाले, सतत फिरते. त्यांना स्वतःचा असा मुलूख मिळालाच नाही. वाटा मोकळ्या होत्या आणि शेतकरी तलैग पाळत होता तोवर यामुळे काही अडलं नाही. मुलूख नसलेल्याला वाटेचा हक्क पुरत होता. वाट गेल्यावर त्याच्या हाती काहीच उरणार नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर राजधानी खार्टूमच्या सरकारांना दारफुर कायम लांबचा आणि बिनकामाचा वाटला. सत्ता नाईलकाठच्या मोजक्या घराण्यांकडे आणि जमातींकडे. १९६९ मध्ये आलेल्या जाफर निमेरी यांच्या लष्करी सरकारने दोन कायदे केले. १९७० च्या कायद्याने नोंद नसलेली सगळी जमीन सरकारची झाली. दारफुरमध्ये कागदावर नोंद असलेली जमीन जवळपास नव्हतीच. पुढच्याच वर्षी जमातप्रमुखांचा कारभार रद्द करून त्याजागी सरकारी मंडळं आणली गेली. कागदावर हे पुरोगामी पाऊल होतं आणि सरंजामी प्रमुखांबद्दल कोणी अश्रू ढाळायचं कारण नाही. पण जुना न्याय काढला आणि नवा दिलाच नाही. मंडळांकडे ना पैसा, ना पोलीस, ना लोकांचा विश्वास. पिकात उंट घुसले तर जायचं कोणाकडे, हा साधा प्रश्न अनुत्तरित राहिला. आणि नेमक्या याच वर्षांत सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यात पावसाने पाठ फिरवली.

दुष्काळाने काय केलं ते पाहण्याजोगं आहे, कारण इथे ‘टंचाईने संघर्ष’ हे सूत्र खरोखर काम करताना दिसतं. उत्तरेतले झगावा कळप मेल्यावर दक्षिणेला उतरले आणि जमिनी कसू लागले. उंटवाल्यांचे कळप लवकर खाली येऊ लागले, कारण उत्तरेत गवतच नव्हतं. बाजरी उभी असतानाच ते शेतांच्या बांधावर येऊन ठेपायचे. शेतकऱ्याचं उत्पन्न एकरी घटलं होतं, म्हणून तो जास्त जमीन नांगरत होता, त्यात मुरहालही नांगरले गेले. माणसंही वाढली होती: १९५० च्या दशकात दहा-बारा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २००३ पर्यंत साठ लाखांच्या वर गेली. शेतकरी आता माळरानावरच्या गवतालाही काटेरी कुंपण घालू लागला. तिथे पीक नव्हतंच, नुसतं गवत होतं, ते कापून बाजारात विकायचं. मेंढपाळांनी या कुंपणांना चिडून ‘हवेची कुंपणं’ असं नाव दिलं होतं. त्या नावात त्यांचा सगळा राग आहे: जे कोणी पेरलं नाही ते अडवायचा हक्क यांना दिला कोणी? शेतकऱ्याचंही चुकत नव्हतं. धसकटंसुद्धा आता त्याच्या स्वतःच्या जनावरांना लागत होती. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात तेव्हाच निवाडा करणारा लागतो.

१९८४-८५ मध्ये मोठा दुष्काळ पडला. निमेरी सरकारने आधी तो नाकारला, मग धान्य पोहोचवायला उशीर केला. अॅलेक्स डी वाल हे तरुण ब्रिटिश संशोधक तेव्हा दारफुरच्या खेड्यांत हिंडत होते. त्यांच्या हिशेबाने तिथे नेहमीपेक्षा सुमारे ९५ हजार माणसं जास्त मेली. त्यांनी नोंदवलेली एक बाब विसरता येत नाही. लोक उपाशी असताना पुढच्या पेरणीचं बियाणं राखत होते, आणि भुकेल्या पोरांनी ते खाऊ नये म्हणून बाजरीत वाळू कालवून ठेवत होते. आज जगणं आणि उद्या शेतकरी म्हणून उरणं यांतलं दुसरं ही माणसं निवडत होती. डी वाल त्याच सुमारास उत्तरेच्या उंटवाल्यांचे म्हातारे, जवळजवळ आंधळे झालेले शेख हिलाल अब्दल्ला यांनाही भेटले. शेखांचा रुबाब कायम होता, पण जगाची घडीच बिघडली असं ते सांगत होते. सुपीक जमिनीवर वाळू चढते आहे, पाऊस क्वचित येतो आणि येतो तेव्हा काठची माती वाहून नेतो, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या उंटांना जागा दिली तेच आता वाट अडवतात, आणि उंट मेलेले आमचे लोक हातात कुदळ घ्यायला लागले आहेत, हा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. याच शेखांचा मुलगा मूसा हिलाल पुढे सरकारने हत्यारं दिलेल्या जंजावीद टोळ्यांचा सर्वांत कुप्रसिद्ध म्होरक्या झाला.

बाप ते मुलगा हे अंतर दुष्काळाने एकट्याने कापलेलं नाही. मधे बंदुका आल्या. शेजारच्या चाडमध्ये यादवी चालू होती आणि लिबियाच्या गद्दाफींना तो देश हवा होता. त्यांनी अरब भटक्यांना हत्यारं देऊन आपल्या इस्लामिक सैन्यात भरती केलं. दारफुर त्यांचा मागचा तळ झाला. १९८७ मध्ये लिबिया चाडमध्ये हरला, पण शस्त्रं आणि शस्त्रं चालवायला शिकलेले तरुण मागे राहिले. त्यांच्यासोबत एक विचारही राहिला, अरब वंशाच्या श्रेष्ठत्वाचा. त्याच वर्षी ‘अरब मेळावा’ म्हणवणाऱ्या एका गटाच्या २३ पुढाऱ्यांनी पंतप्रधान सादिक अल महदी यांना पत्र लिहून दारफुरच्या सत्तेत अरबांना वाटा मागितला. भाल्याच्या मारामारीत दोन-चार माणसं पडत, दिया भरता येई. कलाश्निकॉव्हच्या मारामारीत शंभर पडतात. एवढी दिया कोणती भावकी भरणार? १९८७ ते १९८९ या काळात फुर आणि अरब टोळ्यांत जे युद्ध झालं त्यात हजारो माणसं मेली, शेकडो गावं जळली. तरीसुद्धा १९८९ च्या उन्हाळ्यात अल फाशेरला दोन्ही बाजू परिषदेला बसल्या. परिषद चालू असतानाच ३० जूनला खार्टूममध्ये सेनाधिकारी ओमर अल बशीर यांनी सत्ता बळकावली. करार झाला, पण तो पाळून घेण्यात नव्या सरकारला काडीचा रस नव्हता.

उलट नव्या सरकारला मोडतोडीतच फायदा दिसला. १९९४ मध्ये दारफुरचे तीन प्रांत केले गेले, असे की फुर तिन्हीकडे अल्पसंख्य व्हावेत. पुढच्या वर्षी मसालित सुलतानाच्या मुलखात अरब अमीर नेमले गेले. अमीर म्हणजे नुसता मान नव्हे, जमीन वाटण्याचा हक्क. मसालितांनी विरोध केला आणि १९९० चं दशक संपेपर्यंत तिथे रक्त सांडत राहिलं. खार्टूमवर चिडण्याची कारणं फक्त जमिनीची नव्हती. २००० मध्ये मशिदींबाहेर गुपचूप वाटल्या गेलेल्या ‘काळं पुस्तक’ या पत्रकात मंत्री, न्यायाधीश आणि बड्या अधिकाऱ्यांच्या याद्या होत्या. नाईलकाठच्या छोट्याशा भागाने देश कसा बळकावला आहे, ते नावांनिशी मांडलं होतं. फेब्रुवारी २००३ पर्यंत दोन बंडखोर संघटना उभ्या राहिल्या. २५ एप्रिलला पहाटे त्यांनी अल फाशेरच्या विमानतळावर हल्ला करून उभी विमानं जाळली, डझनावारी सैनिक मारले आणि हवाई दलाचा एक जनरल पकडून नेला. सैन्यातले बरेच शिपाई मूळचे दारफुरचेच, त्यांच्यावर खार्टूमचा भरवसा नव्हता. उरलेलं सैन्य देशाच्या दक्षिण भागातल्या यादवीत अडकलं होतं. मग तुरुंगात असलेल्या मूसा हिलालला सोडण्यात आलं, उंटवाल्यांना पगार आणि बंदुका मिळाल्या, वरून विमानांनी बाँब टाकायचे आणि खालून घोडे-उंटांवरच्या टोळ्यांनी गाव जाळायचं अशी पद्धत बसली. विहिरी बुजवल्या, फळझाडं तोडली. पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख माणसं मेली असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. बरीचशी गोळीने नव्हे, तर हाकलल्यानंतरच्या उपासमारीने आणि रोगराईने.

या टोळ्यांत कोण गेलं आणि कोण गेलं नाही, हा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. सगळे अरब गेले नाहीत. दक्षिणेच्या गाईवाल्या रिझेगातांचे नाझिर, म्हणजे जमातप्रमुख, सईद मादिबो यांनी सरकारच्या या युद्धात उतरायला नकार दिला. त्यांची जमात संख्येने मोठी, अरब म्हणून कोणाहून कमी नाही आणि दुष्काळाची झळ त्यांनाही लागलेली. पण त्यांच्याकडे स्वतःचा मुलूख होता आणि शेजाऱ्यांशी मिटवून घेणारा प्रमुख अजून टिकून होता. जंजावीदांचा गाभा उत्तरेच्या, मुलूख नसलेल्या उंटवाल्यांचा. वंश एकच, दुष्काळ एकच, सरकारही एकच, आणि तरी एका गटाने बंदूक घेतली व दुसऱ्याने घेतली नाही. फरक जमिनीवरच्या हक्काचा आणि ज्याचा शब्द चालतो अशा मध्यस्थाचा होता. शेती जाळणाऱ्याला सरकारने जे देऊ केलं ते उंटवाल्यांना दुसरीकडून कधीच मिळालं नसतं: कायमची जमीन.

यावर पहिला आक्षेप अभ्यासकांचा. त्यांचं म्हणणं, पावसाला इतकाही मान देऊ नका. मायकल केव्हेन आणि लेस्ली ग्रे यांनी २००८ मध्ये दारफुरच्या पावसाच्या नोंदी तपासून दाखवलं, की पावसाची पायरी १९७० च्या आसपास खाली आली, आणि २००३ च्या आधीची तीस वर्षं पाऊस कमी असला तरी तो आणखी घसरत नव्हता. मग युद्ध तीस वर्षं थांबलं कशाला? अख्ख्या आफ्रिकेच्या पातळीवरही असाच वाद आहे. मार्शल बर्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तापमान आणि यादवी युद्धं यांचा संबंध दाखवला. हॅल्वर्ड बुहाउग यांनी पुढच्याच वर्षी तो खोडला आणि वांशिक गटांना सत्तेतून वगळणं, गरिबी आणि शीतयुद्धाचा अंत या कारणांकडे बोट दाखवलं. मला केव्हेन आणि ग्रे यांचे आकडे मान्य आहेत, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. दुष्काळाचा परिणाम बंदुकीच्या चापासारखा ताबडतोब होतो असं धरलं, तरच तीस वर्षांचा उशीर अडचणीचा ठरतो. दारफुरमध्ये दुष्काळाने माणसं हलवली, कळप संपवले, वाटा बुजवल्या, आणि बापाचा धंदा करू न शकणारी पोरं तयार केली. हे सगळं व्हायला पिढी लागते. कॅनडाचे थॉमस होमर-डिक्सन टंचाईचे तीन प्रकार सांगतात: साधनच कमी होणं, मागणारे वाढणं आणि वाटपच वाकडं असणं. पहिल्या दोहोंची मोजमापं सोपी, म्हणून अहवालांत तीच दिसतात. तिसरा प्रकार पर्जन्यमापकात मोजता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. दुष्काळ तर साऱ्या साहेलमध्ये होता. नायजर, बुर्किना फासो, सेनेगल इथेही जमाती होत्या, मेंढपाळ आणि शेतकरी होते. त्या काळात तिथे दारफुर का झालं नाही? हा आक्षेप खरं तर माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे, आणि त्याला आणखी एक साक्षीदार महाराष्ट्रातून मिळतो. साहेल कोरडा पडला त्याच सुमारास, १९७० ते १९७३ अशी ओळीने तीन वर्षं महाराष्ट्र होरपळत होता. जाँ ड्रेझ यांनी या दोन दुष्काळांची तुलना केली आहे. त्यांनी दाखवलं, की माणशी उपलब्ध धान्य महाराष्ट्रात साहेलच्या बऱ्याच देशांपेक्षाही कमी होतं, आणि तरीही इथे उपासमारीने माणसं तशी मेली नाहीत. मे १९७३ मध्ये जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. त्यातूनच वि. स. पागे यांच्या पुढाकाराची रोजगार हमी आकाराला आली. मराठी माणूस जात्याच शांत म्हणून हे झालं असं कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळात पाणवठ्यावर दलितांना काय सोसावं लागलं ते गावोगाव ठाऊक आहे, आणि जातीचं विष इथे कमी नाही. पण मोर्चे निघत होते, मजुरीसाठी संप होत होते, मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर येत होत्या, विधानसभेत सरकारला उत्तरं द्यावी लागत होती. भुकेल्या माणसाचा राग शेजाऱ्याकडे वळायच्या आधी कलेक्टर कचेरीकडे वळवायची सोय होती. दारफुरमध्ये राग वर जायला वाटच नव्हती, आणि आडवा वळवायला सरकार स्वतः बंदूक देत होतं.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. पाऊस, चारा, लोकसंख्या अशी चर्चा करत बसलं की खुनी सुटतात. बशीर सरकारला हे स्पष्टीकरण फारच सोयीचं होतं. दारफुर म्हणजे पाण्या-चाऱ्यावरून चाललेली टोळ्यांची नेहमीची भांडणं, असंच ते जगाला सांगत राहिलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २००९ मध्ये बशीर यांच्यावर अटक वॉरंट काढलं आणि २०१० मध्ये त्यात नरसंहाराचा आरोप जोडला, तो ढगांवर नव्हे. हे मान्य. पण कारणमीमांसा सोडून दिली तर आरोपही पांगळा होतो. कुठल्या तरुणांना हाताशी धरायचं, कोणत्या गावांवर त्यांचा डोळा असेल, कसलं बक्षीस दिलं तर ते जीव घेतील, हे खार्टूमला टंचाईच्या नकाशावरूनच कळत होतं. कमी पावसाचीच गावं जाळली गेली असं नाही. ओढ्याकाठची, बागायतीची, जबल मर्राच्या पायथ्याची जाळली गेली. टंचाईचा असा वापर करणाऱ्याचा गुन्हा टंचाईमुळे हलका होत नाही.

आणि टंचाईच लागते असंही नाही. २०१२ मध्ये उत्तर दारफुरच्या जबल आमिर डोंगरात सोनं सापडलं. जानेवारी २०१३ मध्ये त्या मुलखाचे धनी बनी हुसेन आणि उत्तरेचे रिझेगात यांच्यात खाणीवरून जुंपली. दोघेही अरब. शेकडो माणसं मेली, लाखभर परागंदा झाली. त्याच वर्षी सरकारने जुन्या टोळ्यांना गणवेश चढवून ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ असं नाव दिलं आणि त्यावर मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती या उंटांच्या व्यापाऱ्याला बसवलं, तोही उत्तरेच्या रिझेगातांपैकी. २०१७ मध्ये त्याने मूसा हिलालला पकडून खाण ताब्यात घेतली. सोन्यातून सैन्य वाढलं, सैन्यातून महत्त्वाकांक्षा, आणि १५ एप्रिल २०२३ ला हेमेदतीचं सैन्य आणि देशाचं सैन्य राजधानीतच एकमेकांवर तुटून पडलं. त्या उन्हाळ्यात अल जनैनामध्ये मसालितांची जी कत्तल झाली तीत दहा ते पंधरा हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना मिळाला. दुष्काळ त्या वर्षीचा विषयच नव्हता. एकदा बंदुकीने जमीन मिळते हे कळलं, की पुढच्या फेरीला पाऊस कमी पडावा लागत नाही.

‘हवामानबदलाचं युद्ध’ ही चिठ्ठी मला खटकते ती याच कारणाने. ती लावली की उपायही तसेच सुचतात: विहिरी खणा, झाडं लावा, दुष्काळाला तोंड देणारं बियाणं वाटा. हे सगळं हवंच. पण कोणाच्या विहिरीवर कोणाचे उंट कधी येणार हे ठरवणारं कोणी नसेल, तर नवी विहीर म्हणजे भांडणाचं नवं ठिकाण. अल फाशेरजवळून वाहणाऱ्या वादी अल कू या हंगामी नदीवर २०१३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने युरोपीय संघाच्या पैशाने काम केलं. त्यात दगडी बंधारे बांधून पुराचं पाणी पसरवलं गेलं, पण त्याइतकंच महत्त्व शेतकरी आणि मेंढपाळांना एका समितीत बसवण्याला आणि मुरहाल पुन्हा आखण्याला दिलं गेलं. बंधाऱ्याखाली पिकं वाढली, वाटांवर तंटे कमी झाले. म्हणजे २००३ नंतरच्या दारफुरमध्येही, इतकं रक्त सांडल्यावरही, पाणी वाटून घेता येत होतं. मे २०२४ पासून हेमेदतीच्या सैन्याने अल फाशेरला वेढा घातला, जवळच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर करावा लागला, आणि ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस शहर पडलं. त्या दीड वर्षात शहरात धान्य जाऊ द्यायचं नाही, हे वेढा घालणाऱ्यांनी ठरवलेलं होतं.